कमोडोर ६४ पहिलाच, पण ३ कोटींचा नव्हे

‘सुरुवातीच्या घरगुती संगणकांत सर्वाधिक खप कमोडोर ६४चा, तब्बल ३ कोटी!’ हा दावा सर्रास फिरतो. पहिला क्रमांक खरा आहे. ३ कोटी मात्र हिशेबात बसत नाहीत, आणि या यंत्रावर जीव असणाऱ्यांनी तरी ते पुढे पाठवू नयेत.

‘खुद्द जॅक ट्रॅमिएल यांनीच मोठा आकडा सांगितलाय.’ कमोडोरचे हे संस्थापक २००७मध्ये कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयात म्हणाले होते, की आपल्या काळात दोनेक वर्षं महिन्याला ४ लाख यंत्रं बनत होती. मानू या. पण यंत्र बाजारात आलं ऑगस्ट १९८२मध्ये आणि ट्रॅमिएल कंपनीतून बाहेर पडले जानेवारी १९८४मध्ये. पहिल्या महिन्यापासून ४ लाख धरले, तरी १७ महिन्यांचे होतात ६८ लाख. त्याच वर्षी त्यांनी अटारी या प्रतिस्पर्धी कंपनीचा घरगुती संगणकांचा धंदा विकत घेतला. कमोडोर ६४च्या पुढच्या दहा वर्षांचे ते साक्षीदार नव्हेत, प्रतिस्पर्धी होते.

‘कंपनीच्या १९९३च्या अहवालात १ कोटी ७० लाख आहेत.’ आहेत. त्यानेच ३ कोटींचा दावा पडतो. पण इतकेही खपले का, हे तपासायला यंत्र उलटं करून पाहावं. खालच्या पट्टीवर अनुक्रमांक असतो, आतल्या चिपवर चार आकडी शिक्का: २४८४ म्हणजे १९८४चा २४वा आठवडा. क्रमांक आणि काळ यांची सांगड घातली, की उत्पादन कधी किती पुढे सरकलं ते दिसतं. संगणक प्रोग्रामर मायकेल स्टाइल यांनी २०११मध्ये अनेकांच्या यंत्रांचे क्रमांक जमवून हेच केलं आणि अंदाज निघाला सुमारे १ कोटी २५ लाखांचा. मधले क्रमांक गाळले गेले असतील, अशी शंका काही जण काढतात. तसं असेल तर आकडा आणखी खाली येईल, वर चढणार नाही. मला हाच पुरावा सर्वांत भक्कम वाटतो, कारण तो कुणाच्या आठवणीवर उभा नाही.

‘मग त्या काळातले दुसरे घरगुती संगणक, ब्रिटनचा स्पेक्ट्रम किंवा अमेरिकेचा ॲपल टू, पुढे असतील.’ नाहीत. ॲपल टूची सगळी मॉडेलं, १९७७ ते १९९३, एकत्र केली तरी ६० लाखांच्या आसपास. स्पेक्ट्रम सुमारे ५० लाख. त्याच्या पूर्व युरोपातल्या नकला मोजायच्या की नाही, हा वाद रास्त आहे. पुण्याच्या डेसी बेल्स कंपनीने तर परवाना घेऊन स्पेक्ट्रम भारतात आणला होता. पण एकाच कंपनीचं एकच मॉडेल मोजायचं, तर १ कोटी २५ लाखांवरही कमोडोर ६४ या दोघांपैकी प्रत्येकाच्या दुपटीहून पुढे आहे.