‘रूम’ वाचताना सुटकेपाशी थांबू नका

एमा डोनाह्यूंची ‘रूम’ चर्चेला घेणाऱ्या पुण्यातल्या सगळ्या वाचनकट्ट्यांना एक कळकळीची विनंती: आईसोबत कैदेत वाढलेला जॅक सुटला म्हणजे कादंबरी संपली असं धरू नका. 2010 साली आलेल्या या पुस्तकाचे पाच भाग आहेत आणि सुटका तिसऱ्यातच होते. माझ्या मते उरलेले दोन भाग हीच खरी कादंबरी आहे.

निवेदक जॅक पहिल्याच पानावर पाच वर्षांचा होतो. त्याच्या आईला 19व्या वर्षी पळवून एका माणसानं परसातल्या शेडमध्ये डांबलं, त्याला आता 7 वर्षं झाली. खोली 11 बाय 11 फूट, वर एक झरोका, दाराला आकड्यांचं कुलूप. पहिल्या बैठकीत तेवढा चौकोन खडूनं जमिनीवर आखाच. 121 चौरस फूट म्हणजे आपल्याकडच्या फ्लॅटमधली एक बेडरूम. त्यात पलंग, कपाट, टेबल, टब, संडास आणि स्वयंपाकाची जागा बसवून बघा. मग पलंगाभोवती धावून धावून जमिनीवर उमटलेला काळा ‘सी’ काय आहे ते कळतं. त्या आईनं मुलाला व्यायाम दिलाय, वेळापत्रक दिलंय, खेळ दिलेत. त्यातला एक खेळ झरोक्याखाली उभं राहून जोरात ओरडायचा. जॅकला तो खेळच वाटतो.

मुलाच्या तोंडून सांगण्याची ताकद इथे आहे. तो माणूस रात्री येतो तेव्हा जॅक कपाटात असतो आणि पलंगाची करकर मोजतो. लेखिका त्यापुढे एक शब्द बोलत नाही. ‘श्यामची आई’तला श्याम मोठेपणी आठवून सांगतो, त्यामुळे अर्थही तोच लावून देतो. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला छोटा लंपन मात्र दिसलं तसं सांगतो आणि अर्थ आपल्यावर सोडतो. जॅक लंपनच्या बाजूचा. लंपन वाचलेल्यांना हे निवेदन जड जाणार नाही.

चर्चा बहुतेक वेळा एका प्रश्नावर घसरते: “ती आधीच का नाही पळाली?” उत्तर पुस्तकात आहे. तिनं संडासाच्या टाकीचं झाकण घेऊन दारामागे दबा धरला होता; त्यानं तिचं मनगट पिरगाळलं, ते कायमचं अधू झालं. जमीन खणली तर खाली जाळी लागली. रात्री दिवा लावून-विझवून ती खुणा करते. गटात कुणी हा प्रश्न विचारलाच तर त्याला थेट टीव्हीवरच्या मुलाखतीच्या पानांवर न्या. तिथली मुलाखतकार याच सुरात बोलते, मूल तान्हं असतानाच बाहेर पाठवता आलं नसतं का, असंही विचारते. त्यानंतर आई स्वतःला संपवायचा प्रयत्न करते. हा भाग येणार असल्याचं सदस्यांना आधी सांगून ठेवा.

आणि जॅक? त्याला जिना उतरता येत नाही, कारण त्यानं जिना पाहिलेलाच नाही. अंतराचा अंदाज नसल्यामुळे तो वस्तूंवर आदळतो. उन्हाची त्वचेला सवय नाही, म्हणून गॉगल आणि क्रीम. संसर्गाच्या भीतीनं मास्क. आई खोलीचं नाव काढू देत नाही आणि तो तिथे परत जायचं म्हणतो, कारण त्याच्यासाठी ते घर होतं. आईला सुटका मिळाली, जॅकचं जग मात्र हिरावलं गेलं. एकाच घटनेचे हे दोन अर्थ शेवटच्या दोन भागांतच भिडतात, म्हणून त्यांना स्वतंत्र बैठक द्या. पहिल्या दोन भागांची एक, तिसऱ्याची एक, चौथ्या-पाचव्याची एक, अशा तीन बैठका पुरतात. 2015चा चित्रपट त्यानंतर बघा. पटकथा डोनाह्यूंचीच आहे आणि ब्री लार्सननं ऑस्कर मिळवणारं काम केलंय. पण कॅमेरा जॅकच्या डोक्यात सतत बसू शकत नाही.

दुसऱ्या बैठकीत पोलिसांचा प्रसंग मोठ्यानं वाचा. घाबरलेल्या मुलाच्या तुटक बोलण्यातून एक महिला अधिकारी धीरानं त्या शेडचं ठिकाण शोधून काढते. सोबत बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या आपल्या 2012च्या पॉक्सो कायद्याचं कलम 24 ठेवा: मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता नोंदवायचा. त्याच्या आधीचं कलम 23 माध्यमांसाठी आहे. मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, कुटुंब, शेजार, यातलं काहीही उघड करायला त्यात बंदी आहे. ते तिसऱ्या बैठकीसाठी राखून ठेवा, कारण सुटकेनंतर फोटोग्राफर जॅकच्या मागे लागतात ती पानं तेव्हा येतील.