दोन योजना, एक म्हातारी, दहा खेटे

महात्मा फुले आणि आयुष्मान या मोफत उपचारांच्या सरकारी योजना एकत्र केल्यात ना? मग सत्तरीच्या म्हातारीला दोन-दोन खिडक्यांवर का उभं करता? रेशनकार्डावर ‘शांताबाई’, आधारवर नुसती ‘शांता’, की अडलं घोडं! उभा जन्म भांडी घासून बोटांच्या रेषा झिजल्यात, यंत्र ठसा घेणार कुठून? ओटीपी जातो मुलाच्या बंद पडलेल्या नंबरवर. अहो, चेहरा दाखवूनही ई-केवायसी होते, ती करा की! आयुष्मानमध्ये आधीच असलेल्या घरातल्या सत्तरीपुढच्यांना वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंतचं वेगळं उपचार-संरक्षण मिळतं, हे तिला कोण सांगणार? सलाइन लागल्यावर नातवाला झेरॉक्ससाठी पळवायचं, ही कुठली रीत?