हॅमक ताठ बांधा म्हणणाऱ्यांना उत्तर

पुण्यातल्या ट्रेकर मंडळींच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो: 'घरी शिवलेला हॅमक (दोन झाडांमध्ये बांधून झोपायची कापडी झोळी) ट्रेकला नेऊ नका. शिवण उसवते, वजन वाचत नाही, पाठीचं धनुष्य होतं. न्यायचाच असेल तर जितका ताठ बांधता येईल तितका बांधा.' यातलं शेवटचं वाक्य खरोखर धोक्याचं आहे, म्हणून आधी तेच घेतो.

दोरी जितकी आडवी, तितका तिच्यावरचा ताण जास्त. 70 किलोचा माणूस झोपल्यावर दोरी जमिनीशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक टोकावर साधारण 70 किलोचा ताण येतो. कोन 10 अंशांवर आला की तोच ताण 200 किलोवर जातो, 5 अंशांवर 400 किलोवर. त्यात गाठ मारली की दोरीची ताकद आणखी घटते. म्हणजे ज्याला 'मजबूत बांधणं' म्हणतात, त्यानेच दोरी तुटते. बाळाची साडीची झोळी कधी कोणी ताणून बांधते का? हॅमकही तसाच सैल हवा. 30 अंशांचा अंदाज हातानेच येतो: अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणा, दोघांची टोकं जोडणारी तिरकी रेघ तर्जनीशी जवळपास तेवढाच कोन करते.

आता शिवण. साध्या हॅमकमध्ये मुख्य भार शिवणीवर येतच नाही. लांब कडा दुमडून शिवतो त्या फक्त धागे निसटू नयेत म्हणून. दोन्ही टोकांना साडीसारख्या निऱ्या घालायच्या, त्या मुठीत गच्च धरायच्या आणि त्यांच्यावर दोरीचे घट्ट वेढे द्यायचे. टोकाची कड आधी दोनदा दुमडून शिवली की वेढ्यांच्या पलीकडे कापडाचं जाड बोंड राहतं आणि वेढे निसटत नाहीत. माझा हॅमक आईच्या पायमशीनवर तासाभरात शिवून झाला. निऱ्या मात्र तिने मला दोनदा सोडायला लावल्या, कारण त्या एकसारख्या नव्हत्या. तिचंच बरोबर होतं. निऱ्या वेड्यावाकड्या असल्या की एकाच पट्टीवर ताण येतो.

वजनाचा हिशेब सोपा आहे. 3 मीटर लांब, दीड मीटर रुंद रिपस्टॉप नायलॉन, चौरस मीटरला 65 ग्रॅमचं, म्हणजे 300 ग्रॅमच्या आत. झाडाला बांधायचे पट्टे आणि दोरी धरूनही ओझं तंबूपेक्षा कमीच राहतं. हे कापड उजेडात धरलं की बारीक चौकटी दिसतात. त्या जाड धाग्यांपाशी फाटणं अडतं.

पाठीचं धनुष्य होतं ते मधोमध सरळ झोपल्यामुळे. तिरकं झोपा, डोकं एका बाजूला आणि पाय दुसऱ्या; पाठ बरीच सपाट होते. दीड मीटर रुंदी त्यासाठीच लागते.

सल्ला देणाऱ्यांनी खरी अडचण सांगितलीच नाही: थंडी खालून लागते. अंगाखाली स्लीपिंग बॅग दबते आणि तिची ऊब जाते, म्हणून डिसेंबरात फोमची मॅट सोबत हवीच. गडमाथ्यावर पुरेशी जाड झाडंही सहज मिळत नाहीत. पण म्हणून बुरुजाच्या दगडाला किंवा देवळाच्या खांबाला बांधायचं नाही, खाली मॅट टाकून झोपायचं.

पहिल्यांदा खुर्चीएवढ्या उंचीवर बांधून बघा. झाडाला दोरी नको, इंचभर रुंद पट्टा घ्या. रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतो. आमच्या सोसायटीतल्या आंब्याला मी सुरुवातीला नुसती नायलॉनची दोरी बांधली होती. सालीवर तिचा वळ अजून दिसतो.