फ्यूज सगळे काढले, तरी मीटर ०.६च्या आसपासच

आज सकाळी परत तेच. चावी फिरवली, टक्. पुन्हा फिरवली, टकटकटक, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत होत विझले. शुक्रवारी रात्री धडधाकट उभी केलेली पिकअप मंगळवारी सकाळी गार. दीड वर्षातली ही दुसरी बॅटरी, आणि हिला चार महिनेसुद्धा झालेले नाहीत. टर्मिनलला मीटर लावला तर ११.७ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. १२च्या खाली गेली की सेल्फ मारायचा नादच सोडायचा.

आता पुन्हा कुणी ‘बॅटरी बदला’ म्हणालं तर मी खरंच भांडणार आहे. माठ फुटका आहे हो! त्यात पाणी कुठल्या विहिरीचं भरता याने काय फरक पडतो? उलट दर वेळी पार तळाला गेली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि चांगली बॅटरी कायमची अधू होते. पहिली अशीच मारली आम्ही.

तीन मेकॅनिकना गाडी दाखवली. तिघांनीही इंजिन चालू केलं, मीटर लावला, १४.२ व्होल्ट बघितलं आणि सांगितलं, ‘डायनामो (म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) ओके, बॅटरी गेलीय.’ अहो, चार्जिंग होतंय हे मलाही दिसतंय! गाडी बंद असताना रात्रभर करंट कोण खातं ते विचारतोय मी. ते मोजायला दहा नंबरचा पाना, एक मीटर आणि अर्धा तास लागतो. तो अर्धा तास एकानेही दिला नाही. एक जण तर म्हणाला, ‘जुनी गाडी आहे, चालायचंच. रात्री टर्मिनल काढून ठेवत जा.’ या ‘चालायचंच’ची मला भयंकर चीड आहे. जुनी गाडी म्हणजे वायरिंग कमी, कॉम्प्युटर कमी, शोधायला सोपी. हिला चालायचंच म्हणणाऱ्याने पाना हातात घेऊ नये.

शेवटी गेल्या आठवड्यात मीच बसलो. बॉनेट उघडं, दाराच्या लॉकची जीभ स्क्रू ड्रायव्हरने आत दाबलेली, म्हणजे गाडीला दार बंद वाटावं आणि केबिनचा दिवा विझावा. निगेटिव्ह केबल काढली आणि केबल अन् टर्मिनलच्या मध्ये मीटर, १० अँपिअरच्या भोकात. पहिल्या संध्याकाळी धाकट्याने काय चाललंय बघायला चावी फिरवली आणि मीटरचाच फ्यूज उडाला. दुसऱ्या संध्याकाळी चावी खिशात ठेवली. अर्धा तास थांबलो. आकडा आला ०.६२ अँपिअर.

घड्याळ, टेपची मेमरी वगैरे धरून ०.०५पर्यंत समजू शकतो. ०.६२ म्हणजे रोजचे जवळजवळ १५ अँपिअर-तास. माझी बॅटरी ६५ अँपिअर-तासांची. साडेतीन दिवसांत ५०च्या वर गेले की सेल्फ फिरणार कशावर?

मग एकेक फ्यूज उपसायचा, वाकून मीटर बघायचा, फ्यूज परत लावायचा. झाकणावरची नावं कधीच पुसली गेलीत, त्यामुळे कुठला कशाचा ते देवाला ठाऊक. आतला बॉक्स झाला, बॉनेटखालचा झाला, रिले काढून झाले. आकडा ०.६च्या आसपासच. मग सगळेच्या सगळे एकदम काढले. तरी तेवढाच! त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि आज, गाडी बंद पडल्याच्या रागात, पॉझिटिव्ह टर्मिनलवरची एकेक वायर हाताने धरून मागे मागे गेलो. मूळच्या केबलखाली नटात दाबलेली एक लाल वायर. फ्यूज नाही, काही नाही. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातून आत, कार्पेटखालून मागे. सीटखाली हात घातला आणि बोटांना कोमट लागलं. चार दिवस बंद असलेल्या गाडीत कोमट! आधीच्या मालकाने टेपचा आवाज वाढवायला बसवलेला अॅम्प्लिफायर. त्याला एकही स्पीकर जोडलेला नाही. आणि जी निळी वायर टेप चालू झाल्यावरच त्याला जागं करते, ती थेट त्याच लाल वायरीला पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. डिंक सुटून काळा झालाय, हाताला अजून चिकटतोय. म्हणजे हे धूड रात्रंदिवस जागं, बॅटरी पीत पडलेलं. बरं, कार्पेटखाली ती वायर पत्र्यावर घासून घासून एका जागी तांबं दिसायला लागलंय. आणखी थोडं घासलं असतं तर बिनफ्यूजचा सगळा करंट त्या पत्र्यात गेला असता आणि गाडी पेटली असती. त्या गाडीत माझी मुलं बसतात! ज्याने हे जोडलं त्याला दोन मिनिटं आणि एक फ्यूज होल्डर जड झाला.

अॅम्प्लिफायर सोडवला. आकडा ०.२१. म्हणजे अजून कुणीतरी आहेच. डायनामोची जाड वायर सोडवून टोक गुंडाळलं, परत बघितलं: ०.०३. करंट एकाच दिशेने जाऊ देणारा डायनामोतला डायोड गळतोय. तिघांनी ‘ओके’ म्हटलेला डायनामो! एखादा डायोड उलटा गळत असला तरी चार्जिंग १४ दाखवू शकतं, आणि ती वायर केबिनच्या फ्यूज बॉक्समधून जातच नाही, म्हणून मी आठवडाभर फ्यूज उपसत बसलो. हे ज्यांचं रोजचं काम आहे त्यांना माहीत नसेल, तर आम्ही जायचं कुणाकडे?

बॅटरी चार्जरवर लावलीय, किती सावरते बघू. डायनामो उद्या उतरवून नेणार, आणि डायोड माझ्यासमोर तपासल्याशिवाय तिथून हलणार नाही.