कुंपण काढले म्हणजे रान मोठे होत नाही

ओपन-वर्ल्ड, म्हणजे ज्यांत खेळाडू एका सलग जगात हवे तसे भटकू शकतो, अशा गेमविषयी एक विधान गेली काही वर्षे फिरते आहे आणि नव्या गेमची घोषणा झाली की ते पुन्हा उत्साहाने पुढे पाठवले जाते. त्याचा आशय असा: खऱ्या ओपन-वर्ल्ड गेमला सीमा नसावी; नकाशा जितका मोठा तितका शोध अधिक; खेळाडूला पहिल्या मिनिटापासून कुठेही जाता आले पाहिजे; आणि जिथे भिंत, बंद पूल किंवा ‘पुढे जाता येणार नाही’ अशी सूचना आडवी येते, तिथे निर्मात्यांनी आळस केला किंवा यंत्राची ताकद कमी पडली असे समजावे. या एका वाक्यसमूहात चार निरनिराळे दावे एकत्र बांधलेले आहेत. ते सोडवून पाहिले, तर त्यांतला एकच, तोही अर्धाच, टिकतो.

क्षेत्रफळाच्या दाव्याचा निकाल खरे तर १९९६ मध्येच लागला होता. बेथेस्डा या कंपनीच्या ‘डॅगरफॉल’ या गेममधली भूमी ग्रेट ब्रिटनएवढी असल्याचे तेव्हा सांगितले गेले, आणि तिच्यात शहरे, गावे व भुयारे मिळून १५ हजारांहून अधिक ठिकाणे होती. ती बहुतांशी संगणकाने ठरावीक नियमांनुसार रचलेली असल्याने एका गावातली रचना दुसऱ्या गावात पुन्हा भेटे, मधल्या रानात पाय थबकावा असे फारसे काही नसे, आणि खेळाडू नकाशावरचे ठिकाण निवडून थेट तिथे पोहोचणेच पसंत करत. एवढी अफाट भूमी चालण्यासाठी नव्हतीच. ती वगळण्यासाठी होती. याच मालिकेतला पुढचा मुख्य गेम ‘मॉरोविंड’ २००२ मध्ये आला, तो पंचवीसेक चौरस किलोमीटरच्या, माणसांनी हाताने रचलेल्या एका बेटावर. तिथे कामगिरीचे ठिकाण दाखवणारा बाण नव्हता. लोक पत्ता तोंडी सांगत, अमुक पुलापासून तमुक दिशेने, अशा धर्तीवर, आणि खेळाडू खुणा शोधत, चुकत, परत फिरत जाई. भूमी हजारो पटींनी आकसली आणि भटकंती वाढली, याचे स्पष्टीकरण क्षेत्रफळाच्या हिशेबात मिळत नाही. आपल्याकडे ‘दृष्टीआड सृष्टी’ म्हणतात, ते इथे अक्षरशः लागू पडते: शोध किती जमीन आहे यावर नव्हे, तर तिच्यातले काय आणि कसे नजरेआड ठेवले आहे यावर अवलंबून असतो.

सीमा ही केवळ तांत्रिक दुबळेपणाची खूण आहे आणि यंत्रे सुधारली की ती नाहीशी होईल, हा दुसरा दावा. ठोकळ्यांनी बनलेल्या जगाचा ‘माइनक्राफ्ट’ हा गेम अमर्याद जगाचा नमुना म्हणून नेहमी पुढे केला जातो. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत केंद्रापासून १,२५,५०,८२१ ठोकळ्यांवर भूमी घडवणारे गणितच कोलमडत असे आणि उंच, भोके पडलेल्या भिंतींचा ‘फार लँड्स’ नावाचा विचित्र प्रदेश सुरू होई. २०११ मधल्या बीटा १.८ आवृत्तीत तो गेला. तरीही संगणकावरील जावा आवृत्तीत आज केंद्रापासून सुमारे ३ कोटी ठोकळ्यांवर सीमा आहेच. सर्वसाधारण गेममध्ये जागेचे निर्देशांक ज्या ३२ बिटांच्या संख्येत ठेवले जातात, तिच्यात सुमारे सातच अंक नेमके मावतात. त्यामुळे केंद्रापासून फार दूर गेल्यावर अपूर्णांकांना जागा उरत नाही आणि वस्तू थरथरू लागतात. यावर उपाय आहेत, पण सीमा दूर सारणे म्हणजे सीमा नसणे नव्हे.

या दाव्याविरुद्धचा सर्वांत बोलका पुरावा मात्र ‘जीटीए: सॅन अँड्रियास’ने दिला आहे. २००४ च्या या गेमचा नकाशा साधारण ३६ चौरस किलोमीटरचा, आणि तो ज्या यंत्रावर चाले त्या प्लेस्टेशन २ ची मुख्य स्मृती ३२ मेगाबाइटची. दूरचे दृश्य एकदम दाखवणे शक्य नसल्याने निर्मात्यांनी ते धुरकट वातावरणात बुडवले. तीन शहरे, मधले वाळवंट आणि चिलियाड पर्वत एकमेकांपासून फार लांब वाटत, कारण ती एकमेकांना दिसत नसत. २०२१ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत ते धुके विरळ झाले, उंचावरून तिन्ही शहरे एका नजरेत आली, आणि आपण ज्याला एक अख्खे राज्य समजत होतो ते एखाद्या प्रतिकृतीएवढे असल्याचे खेळाडूंना जाणवले. तक्रारी झाल्या आणि पुढे धुके परत आणावे लागले. यंत्राची ताकद वाढली आणि जग लहान झाले. दौर्बल्यातून सुचलेली युक्ती दौर्बल्य गेल्यावरही उपयोगी राहते, हे त्या विधानाच्या हिशेबात कुठेच बसत नाही.

तिसरा दावा पहिल्या मिनिटाच्या स्वातंत्र्याचा. याला ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चे उदाहरण दिले जाते, हे मला नेहमीच गमतीचे वाटते, कारण २०१७ चा हा गेम सुरू होतो तोच एका बंद पठारावर. गुहेतून बाहेर पडताच कड्यावरून सारा प्रदेश दिसतो, पण ‘ग्रेट प्लॅटो’ नावाच्या त्या पठाराच्या चारही बाजूंना उभे कडे आहेत आणि खाली उडी मारली तर नायक जिवंत राहत नाही. चार देवालये, म्हणजे कोड्यांच्या लहान खोल्या, पूर्ण केल्यावर हवेत तरंगत उतरण्याचा पॅराग्लायडर मिळतो, तेव्हाच उतरता येते. तोपर्यंत झाड तोडून दरीवर पूल करणे, थंडीत तिखट पदार्थ खाऊन तग धरणे, चढताना दम सांभाळणे, वाऱ्यावर पसरणारी आग वापरणे हे सारे खेळाडू एका लहान जागेत स्वतःच शिकलेला असतो. म्हणूनच पुढे गेमला त्याला मोकळे सोडता येते, इतके की हवे तर त्याने थेट अंतिम शत्रूकडे जावे. हे स्वातंत्र्य त्या कुंपणातच घडले आहे.

कुंपणाबाहेरचा प्रदेशही सपाट मोकळा नाही. त्याच्या निर्मात्यांनी २०१७ च्या एका तांत्रिक परिषदेत सांगितले, की भूमीची रचना त्रिकोणी आकारांवर बेतली आहे: टेकडी पलीकडचे झाकते, चढून जायचे की वळसा घालायचा हा प्रश्न उभा करते, आणि कडेने पुढे सरकताना मागची वस्तू हळूहळू उघड होते. सह्याद्रीत एका सोंडेआड लपलेला किल्ला पुढच्या वळणावर अचानक समोर ठाकताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे समजावण्याची गरज नाही. मनोऱ्यावर चढल्यावर त्या भागाचे केवळ भूरूप नकाशावर उमटते. देवालयांची आयती चिन्हे नव्हे. खुणा खेळाडूने स्वतः करायच्या.

संगणकाने घडवलेल्या जगामुळे हे सारे कालबाह्य झाले, असेही या विधानाच्या जोडीने म्हटले जाते; त्यावर फार शब्द खर्चावे लागत नाहीत. २०१६ च्या ‘नो मॅन्स स्काय’मध्ये दोनाचा चौसष्टावा घात, म्हणजे सुमारे १८ वर १८ शून्ये, इतके ग्रह आहेत, आणि सुरुवातीची मुख्य तक्रार होती की काही ग्रहांनंतर सगळे सारखेच वाटू लागतात. गेम पुढच्या वर्षांत पुष्कळ सुधारला. पण त्यासाठी ग्रहांची संख्या वाढवावी लागली नाही.

आता टिकणारा अर्धा दावा, सीमा नसावी हा. अदृश्य भिंत वाईट असते, हे मान्य केलेच पाहिजे. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये समोर डोंगरउतार आणि झाडी स्पष्ट दिसत असताना, इकडे जाता येणार नाही, मागे फिरा, अशी ओळ पडद्यावर येते आणि पाय थांबतात. तिथे कुंपणानेच शेत खाल्ले आहे, कारण जे जग वाट दाखवते तेच काहीही कारण न देता ती नाकारते. तक्रार या प्रकाराविरुद्ध असेल तर तिच्यात वावगे काही नाही. पण ती सीमा असण्याविरुद्धची तक्रार नव्हे. त्या सीमेला जगात जागाच दिलेली नाही, याविरुद्धची आहे. ‘सॅन अँड्रियास’मध्ये न उघडलेल्या शहरात शिरताच पोलिसांचे चार तारे, म्हणजे कडक पाठलाग, मागे लागत, म्हणजे वाट बंद नसे, महाग असे, आणि ती किंमत मोजून आत घुसणारे खेळाडू पुष्कळ होते.

‘सबनॉटिका’ने याहून पुढची मजल मारली आहे. २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या या समुद्रातल्या गेमचा खेळता येणारा सारा प्रदेश एका ज्वालामुखीच्या तोंडावर वसलेला आहे. त्याच्या कडेला समुद्रतळ एकाएकी संपतो आणि खाली केवळ काळोख उरतो. भिंत नाही, मागे फिरण्याचा हुकूम नाही. हातातल्या उपकरणाचा आवाज शांतपणे एवढेच सांगतो, की तुम्ही जीवसृष्टीरहित भागात शिरत आहात. थोडे आणखी पुढे गेल्यावर त्या काळोखातून भुतासारखे फिकट, प्रचंड जलचर वर येतात, आणि जितका वेळ तिथे रेंगाळाल तितकी त्यांची संख्या वाढते.