कोबी कोणी केला?

मागे ऑफिसच्या कामाने तैपेईला गेले होते तेव्हा शेवटचा अर्धा दिवस मोकळा मिळाला म्हणून नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये घुसले. चीनच्या बादशहांचा खजिना. १९४८-४९ मध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत २,९७२ पेट्या भरून जहाजांनी तैवानला आणला होता, त्यातला हा. आणि एवढ्या सगळ्यात लोकांची झुंबड कुठे, तर एका कोबीपुढे!

जेडाइटचा, म्हणजे जेड या कडक रत्नदगडाच्या एका प्रकाराचा कोबी, लांबट चायनीज जातीचा. उंची १८.७ सेंमी, म्हणजे वीतभरच. फोटो आईला पाठवला तर तिचा रिप्लाय, "किडका दिसतोय, घेऊ नकोस." कारण पानांवर एक टोळ आणि एक नाकतोडा बसलेत, मिशांसकट 😄

पण खरी गंमत दगडात आहे. अर्धा पांढरा, अर्धा हिरवा, वर चिरा आणि डाग, म्हणजे बांगड्या-बिंगड्या करायला बाद माल. कारागिराने काय केलं, पांढऱ्याचा देठ केला, हिरव्याची पानं केली आणि चिरा पानांच्या शिरांमध्ये जिरवून टाकल्या. बरं जेड टाकीने कोरता येत नाही, पायाने फिरवायची चकती, तिला ओली कडक वाळू लावायची आणि घासत बसायचं, घासत बसायचं. सम्राट ग्वांगश्यूची राणी जिन ज्या महालात राहायची तिथला हा कोबी, तिच्या रुखवतातला असावा असा अंदाज. राणीचं नाव माहितीये. करणाऱ्याचं? कोणालाच नाही.

आणि इथेच माझं डोकं फिरलं, कारण शेजारच्या दालनांमध्ये अठराव्या शतकातला चीनचा छ्यानलोंग बादशहा जिथेतिथे हजर! ह्या माणसाच्या नावावर ४० हजारांवर कविता आहेत आणि आवडेल त्या वस्तूवर त्या कोरून घ्यायची खोड. सोंग राजघराण्याच्या काळातलं, सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचं, रू नावाच्या भट्टीचं चिनी मातीचं निळसर पसरट भांडं, जगात असली भांडी शंभरसुद्धा उरली नाहीत, त्याच्या बुडाला याची कविता, आणि त्यात उल्लेख काय तर लोक म्हणे याला कुत्र्याचं जेवणाचं भांडं समजतात. अरे बाबा, वहीत लिही ना! आपल्याकडची मुघल जेडची भांडीसुद्धा त्याने सोडली नाहीत. कागदासारखी पातळ म्हणून खूश व्हायचा, हिंदुस्तानी जेड म्हणून वेगळं कौतुक, आणि मग त्यांच्यावरही कविता. ती घासणारे हात कोणाचे ते तिथेही लिहिलेलं नाही.

(डुकराच्या मांसाच्या तुकड्यासारखा दिसणारा दगडही आहे, तो आईला पाठवला नाही.)

एका माणसाने मात्र नाव ठेवलंय. छन झूचांग, ग्वांगडोंगचा, राजवाड्याच्या कारखान्यात कामाला. १७३७ मध्ये त्याने ऑलिव्हच्या एका बीची होडी केली, ३.४ सेंमी. आत आठ माणसं, खिडक्या चक्क उघडतात-मिटतात, आणि बुडाला कवी सू शृच्या लाल कड्यावरच्या सफरीचा अख्खा मजकूर, तीनशेच्या वर अक्षरं. सगळ्यात शेवटी तारीख आणि "सेवक छन झूचांग याने आदरपूर्वक केली" अशा अर्थाची ओळ. सेवक तर सेवक, पण नाव आहे!

मी कोबीपुढे दहा मिनिटं होते आणि होडीपुढे अर्धा तास, तेही काचेला नाक लावून, गार्ड दोनदा बघून गेला. तैपेईला कोणी जाणार असाल तर जवळचा चष्मा विसरू नका, मी हॉटेलवर विसरले होते.