ऐनवेळी येणारे विषय

मी त्या सभेला गेलो होतो तो फक्त माझ्या गाडीसाठी. माझ्या गाडीवर गुलमोहर पडतो. म्हणजे झाड नाही, पानं. पण गुलमोहराचं पान ही काय चीज आहे, ते ज्याचं पार्किंग त्याच्याखाली आहे त्यालाच कळतं. वडाचं, पिंपळाचं पान कसं सभ्यपणे पडतं. उचललं की विषय संपला. गुलमोहराची पानं बडीशेपेएवढी. ती वायपरखाली बसतात, काचेच्या रबरात शिरतात, बॉनेटच्या फटीतून आत जातात आणि एसी लावला की थेट आपल्या नाकात येतात.

सिंहगड रस्त्यावर, कालव्याच्या अंगाला आमची सोसायटी. चार विंग, ६२ फ्लॅट. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ती आमच्याकडे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. नोटिशीत वेळ सकाळी दहाची असते आणि खाली ते अजरामर वाक्य असतं: ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही.’ याचा सरळ मराठीत अर्थ, सभा साडेदहाला आहे. दहा ही वेळ सेक्रेटरींनी खुर्च्या मांडण्याची. मी दहाला गेलो. ही पहिली चूक. वेळेवर आलेला माणूस रिकामटेकडा असतो, हे चेअरमनसाहेबांनी तिथल्या तिथे ताडलं असणार.

विषयपत्रिकेवर आठ विषय होते. हिशेब सात मिनिटांत मंजूर झाले. पाहुण्यांच्या गाड्यांचा विषय एक तास पन्नास मिनिटं चालला. आठवा विषय होता ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’, आणि तिथपर्यंत पोचलो तेव्हा मंडपात दोनच प्रकारचे लोक उरले होते: ज्यांना खुर्च्या परत न्यायच्या होत्या ते, आणि बटाटेवड्यांची वाट बघणारे. मी उठलो. पाचोळा, वायपर, एसी, सगळं मांडलं. भावनेच्या भरात ‘परिसराकडे कुणाचं लक्षच नाही’ असंही बोलून गेलो.

चेअरमनसाहेब शांतपणे ऐकत होते. म्हणाले, “अगदी बरोबर. लक्ष द्यायला माणूसच नाही. तर मी असं सुचवतो की तुम्हीच निमंत्रक म्हणून एक परिसर समिती—”

“अनुमोदन,” बी-३०२ म्हणाले. वाक्य पुरं व्हायच्या आत. टाळ्या आणि वडे एकदमच आले, त्यामुळे माझा नकार कुणाला ऐकूच गेला नाही.

घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, “गाडी दुसरीकडे लावायची होतीस ना.”

आमच्याकडे माणसाला नाव असतं ते लेटरबॉक्सपुरतं. एरवी फ्लॅट नंबर. तर समितीत आले ए-२०३, हे बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर. जगातली प्रत्येक गोष्ट ते व्हाउचर म्हणून बघतात आणि झाडाच्या बुंध्यापाशीसुद्धा सही कुठे करायची ते शोधतात. आले बी-३०२, ज्यांच्या गळ्यात कायम दुर्बीण असते आणि जे कावळ्यालासुद्धा आडनावासकट ओळखतात. आल्या ए-४०४, ज्यांनी खताची एक दिवसाची कार्यशाळा केली होती आणि तेव्हापासून त्या कुणाच्याही सालींकडे वेगळ्याच नजरेनं बघत होत्या. आणि आल्या सी-१०१ च्या आजी. सोसायटीतली जास्वंद आणि पारिजातक रोज पहाटे साडेपाचला कोण तोडतं हे सगळ्यांना माहीत होतं. फुलं तोडायला कुणी बंदी घालू नये म्हणून त्या जातीनं समितीत आल्या होत्या. पहिल्याच बैठकीत मला म्हणाल्या, “हे बघ, तू काय हवं ते कर. फक्त पाटी लावू नकोस.”

पुण्यात राहून पाटी लावायची नाही म्हणजे हातपाय बांधून पाण्यात टाकल्यासारखं झालं.

दुसरी बैठक देशी झाडं या विषयावर झाली. बी-३०२ यांचं म्हणणं असं की गुलमोहर मुळात मादागास्करचा, आपल्या पाखरांना त्याचा काडीचा उपयोग नाही, ही परकी झाडं आपल्या मातीत आलीच कशाला. मुद्दा खरा होता. मलाही तो एकाएकी फार पटला, कारण त्यातून माझ्या गाडीचा मार्ग मोकळा होत होता. फक्त ते हे सगळं बटाटेवडा खाता खाता बोलत होते. ए-४०४ हळूच म्हणाल्या, “भाऊ, बटाटा दक्षिण अमेरिकेतला. आणि तुम्ही चावताय ती मिरचीही तिकडचीच.” बी-३०२ क्षणभर थांबले. वड्याकडे बघितलं. “खाण्याचं वेगळं,” म्हणाले आणि दुसरा घेतला.

तरी मी गुलमोहर तोडण्याचा विषय काढलाच. ए-२०३ यांनी पिशवीतून छापील कागद काढले. महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही हे मला ठाऊक होतं. पण ‘तोडणे’ या शब्दात जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं, हे नव्हतं ठाऊक. ते वाचताना त्यांची नजर माझ्यावर होती. “निमंत्रक या नात्यानं,” ते म्हणाले, “झाडाची जबाबदारी आता तुमच्याकडे.” ज्याच्याविरुद्ध फिर्याद घेऊन गेलो, त्याचाच मी पालक झालो.

मग आलं खत.

ते आम्ही हौसेनं केलं असं नाही. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायटीनं आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा होता. आम्ही पाच हजारांच्या आत बसू या आशेनं ए-२०३ यांनी टेप घेऊन मोजणी केली. भूखंड ५,२०० च्या वर भरला. जागा कमी निघाली म्हणून भांडणारे आयुष्यभर पाहिले. जास्त निघाली म्हणून हळहळणारे त्या दिवशी पाहिले.

खताच्या टाक्या हव्यात यावर ६२ फ्लॅटचं एकमत होतं. ए-विंगनं लेखी पाठिंबा दिला, टाक्या डी-विंगपाशी ठेवाव्यात म्हणून. डी-विंगनं त्याहून सुवाच्य अक्षरात दिला, ए-विंगपाशी ठेवाव्यात म्हणून. एका सभासदानं तर टाक्या थेट कालव्याच्या काठी ठेवू असं सुचवलं. काठावर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं निर्माल्य आधीच पडलेलं असल्यामुळे फार काही वेगळं दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी चेअरमनसाहेबांनी तोडगा काढला. टाक्या निमंत्रकांच्या खिडकीखाली. “म्हणजे तुमचं लक्ष राहील.”

पहिले पंधरा दिवस बरे गेले. सोळाव्या दिवशी पहाटे मला स्वप्न पडलं की कुणीतरी उशाशी सडकी अंडी फोडतंय. जागा झालो, तरी स्वप्न चालूच होतं.

खाली गेलो. ए-४०४ गाऊनवर ओढणी घेऊन आधीच उभ्या होत्या. झाकण उघडलं. आत जे होतं त्याला खत म्हणणं म्हणजे आमटीला वाळवण म्हणण्यासारखं. भाताचा लगदा, दुधीच्या सालींची चाटूभर शेवाळी पेज, आणि त्यावर बोटाच्या पेराएवढ्या, राखाडी, चपट्या अळ्या. एकदोन नव्हेत. सगळा पृष्ठभागच हळूहळू सरकत होता. “घाबरू नका,” ए-४०४ म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा लांबूनच येत होता. “काळ्या सैनिक माशीच्या अळ्या आहेत. त्या आपलं कामच करतायत.” ए-२०३ मागून येऊन डोकावले आणि म्हणाले, “यांची नोंद कुठे घ्यायची?”

आमचा सुका कचरा न्यायला ‘स्वच्छ’ संस्थेच्या एक ताई येतात. त्यांनी ढकलगाडी लावली, बांबूच्या काठीनं टाकी एकदाच ढवळली, वास घेतला आणि निदान केलं, “पाणी जास्त झालंय साहेब. नुसतं ओलंच टाकताय. ह्याच्यात पाला कोण घालणार?”

मग ए-४०४ यांच्या कार्यशाळेच्या वहीतलं पान निघालं. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण ३० ला १ लागतं. कर्ब म्हणजे सुकं: पाचोळा, भुसा, काड्या. ते नसलं तर हवा खेळत नाही, आणि हवा खेळली नाही की अंडी. प्रत्येक बादली ओल्या कचऱ्यावर निदान तेवढाच पाचोळा हवा. तोही बारीक असला तर फारच उत्तम, लवकर कुजतो.

“बारीक पाचोळा,” ए-४०४ म्हणाल्या आणि थांबल्या. सगळ्यांनी एकाच वेळी माझ्या गाडीकडे बघितलं.

त्या दिवसापासून माझं सकाळचं रूप तुम्ही बघायला हवं होतंत. हातात मऊ केरसुणी, खांद्यावर तांदळाचं रिकामं पोतं, आणि मी स्वतःच्या गाडीचं टप झाडतोय. फेब्रुवारीत झाड पार निष्पर्ण झालं, तेव्हा मी अकरा पोती भरली. पावसाळ्यात सुका पाला मिळत नाही म्हणून ती साठवायची होती. कुठे? माझ्याच पार्किंगमध्ये. गाडी बाहेर रस्त्यावर गेली, तिथे तिच्यावर पाचोळा पडत नाही, कबुतरं बसतात. मार्चमध्ये दोन पोती चोरीला गेली. डी-विंगच्या गच्चीवर कुणीतरी वांगी लावली होती म्हणतात. मी, ज्यानं पाचोळ्याची तक्रार केली होती, तो पाचोळा चोरीला गेल्याची तक्रार घेऊन चेअरमनसाहेबांकडे गेलो. त्यांनी चहा दिला.

टाकीतला सगळ्यात करमणुकीचा भाग मात्र वेचण्याचा. खत चाळताना त्यातून काय काय निघालं: एक स्टीलचा चमचा, हाराचे दोरे, अर्धी कवळी (ती कुणीही मागायला आलं नाही), आणि दुधाच्या पिशवीचे कोपरे. पिशवी कापताना आपण तो तिरका तुकडा पूर्ण तोडतो ना, तो. नखाएवढा, पांढरा, कधीही न कुजणारा. एका चाळणीत सतरा. मी प्रत्येक विंगमध्ये जाऊन भाषण केलं: पिशवीला नुसती चीर द्या, तुकडा वेगळा करू नका, पिशवीलाच लटकू द्या. घरी आलो तर ओट्यावर ताज्या दुधाचं पातेलं आणि शेजारी तो तुकडा. सकाळी दूध मीच तापवतो.

जुलैमध्ये वृक्षारोपण ठरलं. दहा रोपं: ताम्हण, बहावा, कांचन, बकुळ, कडुनिंब, प्रत्येकी दोन. खड्डे दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल. माळीकाकांनी पहिला घाव घातला आणि खालून अर्धी वीट आली. मग फरशी, मग सिमेंटच्या पोत्याचा घट्ट झालेला गोळा. इमारत बांधताना उरलेला सगळा राडारोडा बागेखाली शांतपणे झोपला होता. सहाव्या खड्ड्यात पाश्चात्त्य पद्धतीच्या संडासाचं झाकण निघालं. माळीकाका म्हणाले, “साहेब, खाली अजून एक सोसायटी आहे.”

रविवारी सकाळी रिमझिम पावसात चेअरमनसाहेब, समिती, मुलं, सगळे जमले. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प, म्हणून पहिलं रोप निमंत्रकांच्या हस्ते. मी रोप धरलं, कुणीतरी “इकडे बघा” म्हणालं, मी तिकडे बघितलं, कुणीतरी “जरा हसा” म्हणालं, मी हसलो, आणि तेवढ्यात माती लोटली गेली. एका रोपाचे ४३ फोटो निघाले. बाकीची नऊ रोपं माळीकाकांनी पंचवीस मिनिटांत लावली, त्यांचा एकही फोटो नाही.

नऊ रोपांनी भराभर पालवी धरली. ताम्हण जिथल्या तिथे. ना मरत होतं, ना वाढत होतं. ए-४०४ यांनी आमचं खत घातलं. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन भिजवून जीवामृत झालं (बेसन कुणाच्या डब्यातलं यावरून आमच्या घरी वेगळी सभा झाली). आजींनी रोज पूजेचं तीर्थ घातलं. ऑगस्टच्या शेवटी एका वादळी संध्याकाळी ते रोप आडवं झालं. माळीकाकांनी बोलावलं. रोप मुळासकट सबंध वर आलं होतं, साच्यातून मोदक निघावा तसं. आणि साचाही बरोबर होता. नर्सरीची काळी प्लॅस्टिकची पिशवी. आत मुळं गोल गोल फिरून फिरून, बाहेरची वाट न सापडून, लोकरीच्या गुंड्यासारखी झाली होती.

“पिशवीसकट लावलंय,” माळीकाका म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. भले माणूस.

त्यांनी पिशवी कापली, मुळं सोडवली, रोप पुन्हा लावलं. मी ती पिशवी घडी करून खिशात घातली. पण बी-३०२ वरच्या बाल्कनीत होते, आणि त्यांच्या गळ्यात दुर्बीण असते हे मी आधी सांगितलंच आहे.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार आला. या वेळी मी साडेदहाला गेलो. चौथा विषय, परिसर समितीचा अहवाल. मी वाचून दाखवला: पावणेतीनशे किलो खत, पाचोळ्याची नऊ पोती शिल्लक, दहा रोपं लावली, दहाही उभी. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून बी-३०२ उठले. हातात मोबाइल होता, फोटो मोठा करून धरलेला. वृक्षारोपणाचाच फोटो, मी हसतोय, आणि हसणाऱ्या माझ्या हातात ताम्हण, आणि ताम्हणाच्या खाली स्वच्छ, चकचकीत, काळी पिशवी.

“मला त्या पहिल्या रोपाबद्दल एक लहानसा प्रश्न विचारायचा होता,” ते म्हणाले.

मी चेअरमनसाहेबांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“जरूर,” मी म्हणालो. “आपण तो ऐनवेळी येणाऱ्या विषयांत घेऊ.”

पाचवा विषय पार्किंगचा होता.